दाजींच्या टोपावरची उपाधी

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका भांड्यांच्या दुकानातून मी भाचीच्या लग्नासाठी परात घेतली होती. तिच्यावर काय नाव घालायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. परात आली तेव्हा तिच्या काठावर सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं, "मावशीकडून सप्रेम भेट मागच्या वेळी चुकलं होतं आता नीट घाला." नाव घालणाऱ्या मशीनला दोष देता येत नाही. त्याने नीटच घातलं होतं. भाचीच्या सासूबाई अजून भेटल्या की विचारतात, मागच्या वेळी काय चुकलं होतं हो?

मी दुकानात भांडायला गेले आणि काम घेऊन परत आले. असं माझं बऱ्याचदा होतं.

आता हे काम मला कसं येतं ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं ही काहीतरी थापा मारतेय. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आणि पगाराचा प्रोग्राम बिघडला की तो दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या मागे मी उभी राहायचे. त्याला वाटायचं चहा विचारायला आले. रिटायर झाल्यावर व्हिडिओ बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले. गुडघ्याचं दुखणं होतं, बसून करता येईल असं काहीतरी हवंच होतं. लोकरीचं विणकाम मला कधी जमलं नाही.

तर दुकान. भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याकडे जुनी. लग्न, वास्तुशांत, मुंज, कुणाची आठवण, काही असलं तरी भांडं नुसतं देत नाहीत. पूर्वी दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. ठोकण्याआधी ते विचारायचे, "कोण देतंय? कुणाला? कशाबद्दल?" ते गेल्यावर शेठनी मशीन आणलं. सुई टकटक करत ठिपके मारते आणि अक्षर उमटतं. मशीन काही विचारत नाही. त्याला एक्सएमएलची फाइल द्यायची, त्यात जे असेल ते ते मारतं.

एक्सएमएल म्हणजे काही अवघड नाही. एक भांडं घ्या. भांड्यात जे भरलंय तो झाला आतला मजकूर, आणि भांड्याच्या अंगावर बाहेरून जे कोरलंय ते अ‍ॅट्रिब्यूट. भांड्याला एलिमेंट म्हणतात. स्कीमा म्हणजे नियम, की कुठल्या भांड्यावर काय कोरलेलं असलंच पाहिजे, काय असलं तर चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. नियमात न बसणारी फाइल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच परत फिरते. म्हणजे ते पायरीवरचे म्हातारे जे विचारायचे, ते आता स्कीमाने विचारायचं.

हा स्कीमा मी हाताने लिहून दिला असता, तर दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला असता, "अदी, बारसं राहून गेलं." अदी म्हणजे त्यांच्या सिंधीत बहीण. त्यांचे प्रसंग रोज वाढायचे. म्हणून मी प्रोग्रामच असा लिहिला, की शेठनी त्यांच्या यादीच्या शीटमध्ये शब्द वाढवले की स्कीमा आपला आपण नव्याने बांधला जाईल. आधी रिकामा स्कीमा घ्यायचा. त्यात एलिमेंट करायचा. मग अ‍ॅट्रिब्यूट करून, त्याला नाव देऊन, सक्तीचा की ऐच्छिक ते सांगून त्या एलिमेंटला जोडायचा. यात एक गंमत आहे. नुसता मजकूर असलेल्या साध्या एलिमेंटला अ‍ॅट्रिब्यूट लावताच येत नाही. आधी त्याला 'कॉम्प्लेक्स' ठरवायचं, आणि मग आत 'सिंपल कंटेंट' आहे असं लिहून द्यायचं. मला हे पटायला दोन आठवडे लागले. आमच्या घरातल्या काही माणसांकडे बघून शेवटी पटलं.

अ‍ॅट्रिब्यूट होते तीन: प्रसंग, देणारा आणि उपाधी. उपाधी म्हणजे नावाआधी लावतात ते, श्री., सौ., श्रीमती, कु., चि., आणि गेलेल्या माणसासाठी कै. यादी शेठनी दिली. मी विचारलं, "एवढ्याच?"

"अदी, जिंदा माणसांची लफडी असतात. गेलेल्याचं एकच असतं ना, कै."

"बरं."

मग त्यांना आणखी एक पाहिजे होतं. लग्न-मुंजीची माणसं उपाधी आपणहून सांगतात, पण स्मरणार्थ भांडं द्यायला येणारी माणसं रडवेली असतात, त्यांना काउंटरवर फार विचारायचं नाही. उपाधी रिकामी राहिली तर आपोआप कै. पडलं पाहिजे. मी म्हटलं, मला उपाधी सक्तीची ठेवायची आहे. मी दोन्ही लिहून पाहिलं, सक्ती पण आणि आपोआप भरायची किंमत पण. प्रोग्रामने स्कीमा बांधायला सरळ नकार दिला. त्याचंही बरोबर आहे. माणसाने सांगितलंच पाहिजे असं म्हणायचं आणि नाही सांगितलं तर आपणच भरायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल? एक काहीतरी ठेवा. शेठ म्हणाले, आपोआप ठेवा. मी सक्ती काढली आणि आपोआप ठेवलं. ताटं-वाट्या सुरळीत निघायला लागल्या. परातीवर परत कधी कुणाचा व्हॉट्सअ‍ॅप उमटला नाही. मी ओळखीच्यांना सांगत सुटले, नाव घालायचं तर तिथेच जा, तिथे आता चूक होत नाही.

असं ज्यांना सांगितलं त्यात माझी बदलापूरची मैत्रीण होती.

ती आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिचे यजमान कॅन्टीनचे आचारी. मी त्यांना दाजी म्हणायचे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला त्यांच्या वस्तीतल्या विहारात खीर तेच करायचे, आणि करायचे ती एकाच टोपात. कॅन्टीन बंद झालं तेव्हा भंगारात निघालेला तो जर्मनचा टोप त्यांनी घरी आणला होता. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. टोप एवढा मोठा, की त्यांच्या स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती. तो पलंगाखाली राहायचा आणि कुणी पाहुणा आला की त्याच्यावर पाय आपटून घ्यायचा. दाजी मागच्या वर्षी गेले. मैत्रिणीने ठरवलं, टोप विहाराला द्यायचा, कायमचा, त्यांचं नाव घालून, आणि येणाऱ्या पौर्णिमेची खीर त्यातच करायची. पौर्णिमा त्या रविवारी होती.

बुधवारी दुपारी माझ्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरापुढे रिक्षा थांबली. रिक्षात मागे टोप होता आणि टोपाच्या बाजूला उरलेल्या जागेत मैत्रीण. रिक्षावाल्याला तिने टोप हॉलच्या मध्यावर ठेवायला लावला.

"वाच," ती म्हणाली.

"अगं बस तर खरी. पाणी…"

"आधी वाच."

मी चष्मा लावला. ठिपके छान उमटले होते. अक्षर सरळ होतं, कुठे तिरकं नाही. पहिलाच शब्द होता कै.

"मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचलं. ती सोफ्यावर बसली, पदराने मान पुसली.

"कैलासवासी," ती म्हणाली. "अंबरनाथमध्ये त्यांनी जन्म काढला. शिवमंदिराच्या रस्त्याने रोज सायकल जायची, कधी आत गेले नाहीत. आणि आता मेल्यावर तू त्यांना थेट कैलासावर पाठवलंस. तेही टोपासकट."

बौद्धांमध्ये गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि तिलाही ते माहीत होतं. कारखान्यात एकदा त्यांच्यातला एक फिटर वारला, तेव्हा मी नोटीस टाइप करून लावली. दाजी कॅन्टीनचा फडका खांद्यावर टाकून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, तेवढं कै. काढून कालकथित कराल का? तो बौद्ध होता. त्याला आता बदलून घेता येणार नाही, म्हणून मी आलो." मी परत टाइप केली. ते नोटीस लावेपर्यंत उभे राहिले आणि मग मला स्पेशल चहा पाठवला.

"टायपिस्टबाई," मैत्रीण म्हणाली, "तेव्हा एक कागद वाया गेला होता. टोप कसा बदलायचा?"

मी तिला विचारलं, तू दुकानात काय सांगितलंस? ती म्हणाली, कालकथितच सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि शेठच्या सुनेने ते तिच्यासमोर नीट टाइपसुद्धा केलं. मग घडलं काय ते आम्हाला दोघींनाही कळेना. पाणी पिऊन आम्ही त्याच रिक्षाने, त्याच टोपाबरोबर, कॅम्प चारला गेलो. मी पुढे ड्रायव्हरला खेटून बसले. ते चालत नाही, पण टोप मागे होता.

शेठची सून समजूतदार मुलगी आहे. तिने काही लपवलं नाही. "आंटी, मी टाकलं ना कालकथित. ते लाल झालं. यादीत नाही असं आलं. दोनदा टाकलं, दोनदा लाल. मग मी स्क्रीनवरचा तो डबा खाली करून टाकला, तर हिरवा झाला. हिरवा झाला म्हणजे बरोबर ना?"

झालं ते असं. शब्द यादीत नव्हता म्हणून माझ्या स्कीमाने अडवला. तिने शब्द पुसला. रिकाम्या जागेत माझ्या स्कीमाने आपोआप कै. भरलं आणि हिरवा दिवा दिला. सुईने आज्ञा पाळली. कुणीही काहीही नियमाबाहेर केलं नव्हतं.

शेठ आतून आले. टोप पाहिला, मैत्रिणीला पाहिलं, हात जोडले. "ताई, उसमें क्या है, इज्जत का ही शब्द आहे ना तो पण."

"इज्जतीचा आहे," मैत्रीण म्हणाली, "पण दुसऱ्याच्या घरचा. शेजाऱ्याचा कोट कडक इस्त्री करून आणलात, तरी तो माझ्या नवऱ्याला कसा घालू?"

"नवीन टोप देतो. याच्यापेक्षा मोठा."

"ह्यांनी यात खीर केली. नवीन टोपात कुणी केली?"

शेठनी नव्या टोपाचा विषय सोडला. धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. मग हळूच मला म्हणाले, "अदी, तुम्हीच बघा. मशीन तर तुमचं मान्य केलेलंच घेतं. हाताने टाकायला गेलो तरी घेत नाही. तुम्हीच बंद करून ठेवलंय."

खरं होतं. दार मीच बंद करून घेतलं होतं.

बफिंगवाला, म्हणजे चाकावर भांडं घासून चकचकीत करणारा, शेजारच्या गल्लीत होता. शेठ म्हणाले, कै. तेवढं घासून काढू. पण एका अक्षराच्या जागेत कालकथित कसं मावणार? सून म्हणाली, टोपाच्या दुसऱ्या बाजूला नवीन घालू. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे एका बाजूने ते कैलासवासी आणि दुसऱ्या बाजूने कालकथित. वाढणारा माणूस फिरवून फिरवून बघत बसेल. अख्खी ओळ काढा."

"अख्खी ओळ काढली तर पट्टा दिसेल, ताई. जुना टोप आहे, बाकीचा काळपट आणि तेवढाच चमकेल."

तिने टोपावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. कडेला एक पोचा होता, तिथे तिचा हात थांबला आणि पुढे गेला.

"चमकू दे," ती म्हणाली.

टोप बफिंगला गेला आणि मी काउंटरमागे लॅपटॉप उघडून बसले. मैत्रिणीने स्टूल ओढलं आणि माझ्या खांद्यावरून बघायला लागली. मला कुणी असं मागे उभं राहिलेलं चालत नाही. पण मी स्वतः आयुष्यभर तेच करत आले, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

मी शेठच्या शीटमध्ये कालकथित वाढवलं.

"सगळ्यात शेवटी का घातलंस?"

"अगं, यात क्रमाला काही अर्थ नसतो. वर काय, खाली काय, प्रोग्रामला सगळं सारखं."

"प्रोग्रामला असेल. यादी वाचणार कोण, प्रोग्राम की माणूस?"

मी ते कै. च्या शेजारी आणलं. मग ती म्हणाली, आता हे आपोआप भरतंय ते दाखव. मी ती ओळ दाखवली. एकच ओळ आहे, उपाधी या अ‍ॅट्रिब्यूटची डिफॉल्ट किंमत. तिला इंग्रजी जेमतेम येतं, पण कोटेशन मार्कांत देवनागरीत लिहिलेलं कै. तिने ओळखलं.

"हे काढ."

शेठ म्हणाले, "अदी, हे काढलं तर काउंटरवर प्रत्येकाला विचारावं लागेल."

"विचारा की," मैत्रीण म्हणाली. "माणूस मेलाय. एक प्रश्न विचारला तर काय होतं? बायको सांगेल ना. बायकोला माहीत असतं."

मी ओळ काढली. तिच्या जागी उपाधी सक्तीची केली. आता दोन्ही एकत्र नव्हतं, त्यामुळे स्कीमा तक्रार न करता बांधला गेला. ज्याला काहीच लावायचं नसेल त्याच्यासाठी 'काही नको' असा वेगळा शब्द यादीत घातला, म्हणजे तेही कुणीतरी मुद्दाम निवडलं पाहिजे.

"आता तपास," ती म्हणाली. "माझं नाव टाक."

टाकलं.

"उपाधी रिकामी ठेव."

ठेवली. लाल झालं. ती पहिल्यांदा जराशी हसली.

"आता श्रीमती टाक." हिरवं. "आता सौ. टाक." तेही हिरवंच. तिने स्क्रीनकडे बोट केलं. "याला कळत नाही?"

"नाही. यादीतलं आहे ना, मग चालतं. खरं कोणतं ते त्याला कळत नाही. ते तुलाच सांगावं लागतं."

"बरंय," ती म्हणाली. "माझ्या जावेलापण कळत नाही. अजून हळदीकुंकवाला बोलावते."

टोप परत आला. पोटावर हाताच्या रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा, वरखाली तोच जुना काळपट रंग. सुनेने टोप मशीनच्या कडीत बसवला. या वेळी तिने उपाधी स्वतः निवडली नाही. माउस धरला आणि मैत्रिणीला म्हणाली, "आंटी, तुम्ही बोला." मैत्रिणीने सांगितलं. हिरवं झालं. "आता दाबू?" तिने विचारलं.

"थांब." मैत्रिणीने स्क्रीनवरची अख्खी ओळ वाचली. कालकथित, मग दाजींचं नाव, यांच्या स्मरणार्थ पत्नीकडून विहारास धम्मदान. ओठ हलवत परत वाचली. मग मला म्हणाली, "तू वाच." मी वाचली. मग शेठना वाचायला लावली. शेठना मराठी वाचता येतं पण जोडाक्षरांना ते अडखळतात. धम्मदानाला अडखळले, तिने ते परत म्हणवून घेतलं.

"दाब."

सुई सुरू झाली. एकेक ठिपका पडत होता आणि ती टोपाच्या इतकी जवळ वाकली होती, की सून म्हणाली, आंटी, डोळ्यात उडेल. ती मागे झाली नाही. कालकथितचा त संपला, नाव सुरू झालं, तेव्हा तिने माझा दंड धरला, आणि ओळ पूर्ण होईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उठली होती.

शेठची भीती मात्र खरी ठरली. काउंटरवर आता वेळ लागतो. स्मरणार्थ भांडं घ्यायला आलेल्या माणसाला विचारावं लागतं, तुमच्याकडे काय लावतात? तो घरी फोन करतो. घरातले आपसात भांडतात. एका बाईने सांगितलं, स्वर्गीय लावा. तिच्या दिराने फोनवरून सांगितलं, मुळीच नको, त्यांचा स्वर्गावर विश्वास नव्हता. अर्धा तास गेला आणि मागे रांग लागली. रांगेतले लोक ऐकून ऐकून आपापल्या घरचं ठरवायला लागले. शीटमध्ये आता बरेच शब्द आहेत आणि ते शेठ स्वतः वाढवतात. मला फोनसुद्धा करत नाहीत, स्कीमा त्यांचा तोच बांधला जातो. मध्ये त्यांच्या वडिलांच्या नावाने प्याऊला, म्हणजे पाणपोईला, स्टीलची पिंपं द्यायची होती, तेव्हा ते स्वतःच काउंटरवर थांबले. म्हणाले, "अदी, हमारे में क्या लगाते हैं, मम्मी से पूछना पडेगा."

त्या रविवारी, पौर्णिमेला, मी बदलापूरला गेले. विहार छोटासाच आहे, पुढे मांडव घातला होता. वंदना झाली. खीर तिच्या मोठ्या मुलाने केली होती, दाजींसारखी नव्हती. साखर जास्त होती आणि तळाशी थोडी लागली होती. मैत्रिणीने पहिला घास घेतला आणि मुलाकडे असं बघितलं, की तो उठून पाणी आणायला गेला.

टोप टेबलावर ठेवला होता. वाढणाऱ्या मुलींनी ठेवताना ओळ भिंतीकडे गेली. मैत्रिणीने खीर भरलेला तो गरम टोप दोन फडकी घेऊन स्वतः फिरवला आणि ओळ रांगेकडे केली. मग पळी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. उन्हात तो पांढरा पट्टा आरशासारखा चमकत होता. मला दूरवरून सगळ्यात आधी तोच दिसत होता. अक्षरं नंतर.

रांगेतला एक म्हातारा वाटी पुढे करून थांबला. ओळ वाचली. मग पट्ट्याला बोट लावून म्हणाला, "बाई, इथे एवढं घासलंय का?"

"आधी दुसरं लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"चुकीचं," ती म्हणाली, आणि त्याची वाटी काठापर्यंत भरली.